प्रेक्षक एकदा येतात, पुन्हा फिरकत नाहीत : छोट्या फुटबॉल क्लबसाठी समस्या निवारण

हंगामातला घरचा पहिला सामना भरगच्च, तिसऱ्याला निम्मी गर्दी, सहाव्याला खेळाडूंचे नातेवाईक आणि चार जुनेजाणते. ही तक्रार छोट्या क्लबांकडून इतक्यांदा येते की तिची तपासणी आता ठरून गेली आहे. क्लबचं उत्तरही ठरलेलंच असतं: "संघ हरतोय, म्हणून लोक येत नाहीत." हरण्याचा परिणाम होतो, नाही असं नाही. पण तळाशी असलेल्या संघालाही न चुकता येणारे लोक असतात, आणि गुणतक्त्यात वर असलेल्या संघाचा स्टँडही ओस पडू शकतो. निकाल क्लबच्या हातात अर्धामुर्धाच असतो. माहिती, रांग, आवाज, बसायची जागा या गोष्टी मात्र पूर्णपणे हातात असतात, आणि बिघाड बहुतेकदा तिथेच सापडतो.

खालचा क्रम फुकटातल्या तपासणीपासून खर्चिक कामाकडे जातो. तो उलटा करू नका. क्लब नेमकं तेच करतात: नवा फलक लावतात, नव्या खुर्च्या आणतात, पैसे संपतात आणि तिकीट खिडकी पूर्वीसारखीच एकाच माणसावर चालत राहते.

लक्षणं

आपल्या मैदानावर यातलं काय दिसतं ते आधी बघा. प्रत्येक लक्षणाचा रोख वेगळ्या बिघाडाकडे असतो.

- किक-ऑफ, म्हणजे सामन्याची सुरुवात, झाल्यावरही वीस-पंचवीस मिनिटं लोक आत येत राहतात: गेट किंवा वेळेची माहिती.
- सामन्याच्या दिवशी क्लबच्या फोनवर "आज मॅच आहे ना?" हा प्रश्न दिवसभर येतो: माहिती.
- मध्यंतरानंतर स्टँडचा मोठा भाग रिकामा, पण लोक मैदान सोडून गेलेले नाहीत: खाण्यापिण्याची किंवा स्वच्छतागृहाची रांग.
- मध्यंतरानंतर लोक सरळ घरीच गेले: ऊन, पाऊस, न दिसणं किंवा बसायला नीट जागा नसणं.
- बायका आणि लहान मुलं पहिल्या सामन्याला येतात, नंतर दिसत नाहीत: स्वच्छतागृह, किंवा स्टँडमधली शिवराळ भाषा.
- लोक एकाच टचलाइनला (मैदानाच्या लांब बाजूच्या रेषेला) गोळा होतात, समोरची बाजू मोकळी: सूर्य किंवा दृष्टीरेषा.
- लोक येतात, बसतात, पण गोल झाल्यावरही "कोणी मारला?" असं एकमेकांना विचारतात: ओळख आणि घोषणा.

दोन-तीन लक्षणं एकदम दिसली तर यादीत आधी येणाऱ्या तपासणीपासून सुरुवात करा. गेटवर अर्धा तास ताटकळलेला माणूस आत येऊन आवाजाचीही तक्रार करतो आणि खुर्चीचीही. गेट सुटलं की निम्म्या तक्रारी आपोआप विरतात.

हात लावण्याआधी मोजा

दोन सामने काहीही बदलू नका, फक्त मोजा. तीन आकडे पुरतात: किक-ऑफच्या क्षणी आत किती लोक, ६०व्या मिनिटाला किती, आणि शेवटच्या शिट्टीला किती. शिवाय गेट उघडल्यापासून दर दहा मिनिटांनी किती जण आत आले याची नोंद ठेवा. वही आणि पेन असलेला एक स्वयंसेवक हे करू शकतो.

बाहेर पडणाऱ्यांपैकी तीसेक जणांना दोनच प्रश्न विचारा: "पहिल्यांदा आलात का?" आणि "आज सगळ्यात जास्त वैताग कशाचा आला?" "कसं वाटलं?" असं विचारलंत तर सगळे "छान" म्हणतात आणि हाती काही लागत नाही. आणखी एक पथ्य पाळा: क्लबच्या अध्यक्षांनी किंवा प्रशिक्षकांनी हे विचारू नये. त्यांच्या तोंडावर कोणी खरं बोलत नाही.

मोजणं महत्त्वाचं का, तर पहिल्या आणि दुसऱ्या आकड्यातला फरक बिघाड कुठे आहे ते थेट दाखवतो. किक-ऑफला १२० आणि ६०व्या मिनिटाला २६० असतील तर गेट तुंबतंय. किक-ऑफला २६० आणि ६०व्या मिनिटाला १५० असतील तर मध्यंतर लोकांना खातंय.

तपासणी १ : सामना कधी, कुठे, किती वाजता

खर्च शून्य, आणि सगळ्यात जास्त वेळा बिघाड इथेच सापडतो. ज्याला क्लबची काहीच माहिती नाही अशा माणसाला फोन हातात द्या आणि सांगा, "आमचा पुढचा घरचा सामना शोधून दाखव." तो कुठे अडखळतो ते शेजारी बसून बघा, मदत करू नका. एका मिनिटात त्याला वार, तारीख, किक-ऑफची वेळ, गेट उघडायची वेळ, मैदान आणि तिकीट कसं मिळेल हे सापडलं नाही तर पुढची कोणतीही तपासणी करण्यात अर्थ नाही.

नेहमी सापडणारे दोष असे. पोस्टरवर तारीख असते, वार नसतो. तेच पोस्टर महिनाभर फिरत राहतं आणि लोक चुकीच्या आठवड्यात येतात. सगळी माहिती चित्रात असते, मजकुरात नसते, त्यामुळे ती शोधून सापडत नाही आणि अंध चाहत्याचा फोन ती वाचून दाखवू शकत नाही. वेळ एका ठिकाणी बदललेली, दुसऱ्या ठिकाणी जुनीच. आणि नकाशावरची खूण मैदानाच्या मधोमध किंवा मागच्या बंद फाटकावर लावलेली. ही खूण प्रेक्षकांच्या गेटवरच हवी. पहिल्यांदा येणारा माणूस मैदानाला अर्धा वळसा घालून गेटवर पोचला तर त्याच्या दिवसाची सुरुवातच चिडचिडीने होते.

माहितीचा एकच मजकूर तयार करा आणि सगळीकडे तोच चिकटवा: आठ दिवस आधी, आदल्या दिवशी आणि सामन्याच्या तीन तास आधी. तिसऱ्या वेळी एवढंच लिहा: "मैदान तपासलं, सामना ठरल्या वेळी होणार." पाऊस असेल तर निर्णयाची वेळ आधीच सांगून ठेवा: "सकाळी १० वाजता मैदानाची पाहणी, १०:३० ला निर्णय." सामना रद्द झाल्याचा राग लोक विसरतात. कोणीच काही न कळवल्याने रिकाम्या मैदानावर येऊन उभं राहावं लागलं, तर ते विसरत नाहीत.

सामना संपल्यावर दहा मिनिटांत निकाल टाका, आणि त्याच मजकुरात पुढच्या घरच्या सामन्याची तारीख द्या. त्या घटकेला लोकांचं लक्ष सगळ्यात जास्त असतं. शक्य असेल तर घरचे सामने एकाच वारी, एकाच वेळेला ठेवून घ्या. लीगच्या बैठकीत हे मागावं लागतं, आणि ते वेळापत्रक ठरण्याआधी मागावं लागतं. वेळ दर वेळी बदलली की येण्याची सवय लागतच नाही.

तपासणी २ : मैदानावर कोण आहे हे प्रेक्षकाला कळतं का

हीसुद्धा जवळजवळ फुकट. चाहता संघापेक्षा आधी खेळाडूशी जोडला जातो, आणि ओळखीसाठी त्याला नाव आणि नंबर लागतो.

दोन्ही संघांची यादी, नाव आणि जर्सी क्रमांकासह, गेटच्या आत लगेच दिसेल अशी लावा. हाताने लिहिली तरी चालते, पण ठळक मार्करने आणि डोळ्यांच्या उंचीवर. तिचाच फोटो क्लबच्या पानावर टाका. यादी पंचांकडे जाते तेव्हा दुसरी प्रत काढायची, एवढंच काम आहे.

खरा दोष पुष्कळदा जर्सीत असतो. छोट्या क्लबांत जर्सींचा गठ्ठा येतो आणि ज्याच्या हाताला जी लागेल ती तो घालतो. गेल्या आठवड्यात ७ नंबर घालून दोन गोल मारणारा मुलगा आज १४ मध्ये असतो. स्टँडमधल्या आठ वर्षांच्या पोराने त्याला "सेव्हन, सेव्हन" अशा हाका मारून घसा कोरडा केलेला असतो, आणि आज त्या नंबरात भलताच कोणी धावतोय. प्रत्येकाला हंगामभरासाठी एकच नंबर द्या. सगळ्या संघाला जमत नसेल तर निदान नेहमी पहिल्या अकरात असणाऱ्यांना द्या.

गुणफलक दिसतो का, तेही बघून घ्या. आरामात वाचता यावं म्हणून दर ३ मीटर अंतराला अक्षराची उंची सुमारे २५ मिलिमीटर धरतात. फलक मैदानाच्या पलीकडे ७० मीटरवर असेल तर आकडा सुमारे ६० सेंटिमीटर उंच हवा. रंगवलेल्या प्लायवुडच्या, खिळ्यावर अडकवायच्या आकड्यांनी हे भागतं, फक्त ते बदलणारा माणूस नेमलेला हवा. गोल होऊन पाच मिनिटं जुनाच आकडा लटकत राहिला तर फलक नसलेला बरा.

सामना संपल्यावर खेळाडूंनी प्रेक्षकांच्या बाजूला येऊन टाळ्या वाजवाव्यात, दहा मिनिटं मुलांशी बोलावं. हरल्यावरसुद्धा. विशेषतः हरल्यावर.

तपासणी ३ : गेट

इथे गणितच करावं लागतं. फुटबॉलचे प्रेक्षक शेवटच्या वीस मिनिटांत येतात, त्यांना लवकर या म्हणून सांगून फारसा फरक पडत नाही. समजा त्या वीस मिनिटांत ३०० जण आले. तिकीट द्यायचं, पैसे घ्यायचे, सुट्टे परत करायचे, यात माणशी १५ सेकंद गेले तर एक खिडकी मिनिटाला ४ जण सोडते. किक-ऑफपर्यंत ८० आत, २२० बाहेर, आणि शेवटचा माणूस आत पोचतो तेव्हा मध्यंतर सुरू झालेलं असतं. हा माणूस पुन्हा येणार नाही, संघ जिंकला तरी.

तुलनेसाठी: ब्रिटनमध्ये क्रीडा मैदानांच्या सुरक्षेसाठी वापरल्या जाणाऱ्या 'ग्रीन गाइड'मध्ये एका फिरत्या गेटमधून तासाला जास्तीत जास्त ६६० माणसं धरतात, म्हणजे मिनिटाला ११. ज्यांच्याकडे तिकीट आधीच आहे त्यांचं फक्त तपासायचं असेल तर त्याच्या जवळपास जाता येतं. रोख विक्रीला कधीच नाही.

म्हणून पहिली दुरुस्ती: विक्री आणि प्रवेश वेगळे करा. तिकीट आधी घेतलेल्यांना वेगळी रांग, आणि ती रांग दिसेल अशी पाटी दोन मीटर उंचीवर, म्हणजे उभ्या माणसांच्या डोक्यांवरून वाचता येईल. दुसरी: तिकिटाचा दर असा ठेवा की सुट्ट्यांची गरजच पडू नये. तिसरी: शेवटच्या अर्ध्या तासात तिकीटपुस्तक घेऊन दोन स्वयंसेवक रांगेतच फिरवा, माणूस गेटपाशी पोचेपर्यंत त्याच्या हातात तिकीट असतं. वरच्या उदाहरणात निम्म्यांनी तिकीट आधी घेतलं, तर ते १५० जण एका तपासणी गेटमधून मिनिटाला १० च्या वेगाने पंधरा मिनिटांत आत जातात. उरलेले १५० तीन विक्रेत्यांकडून साडेबारा मिनिटांत. गेट तेवढंच, माणसं तीन जास्त.

क्यूआर तिकीट सुरू करणार असाल तर एक धोका ओळखून ठेवा: गर्दीत मोबाइलचं नेटवर्क झोपतं आणि प्रत्येक जण गेटवर उभा राहून तिकीट उघडायची वाट बघतो. "तिकिटाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा" ही ओळ विक्रीच्या वेळीच द्या, आणि गेटवर नावांची छापील यादी ठेवा.

तपासणी ४ : मध्यंतराची पंधरा मिनिटं

खेळाच्या नियमांनुसार मध्यंतर १५ मिनिटांपेक्षा जास्त असू शकत नाही. काही लीग दहाच देतात. या वेळात सगळं मैदान दोनच ठिकाणी जातं.

खाण्यापिण्याची खिडकी. एका गिऱ्हाइकाला ३० सेकंद धरले तर एक खिडकी पंधरा मिनिटांत ३० जणांना देते. ३०० पैकी शंभर जणांना काही हवं असेल तर सत्तर जण एकतर हात हलवत परततात किंवा दुसऱ्या सत्राची सुरुवात रांगेत घालवतात. क्लबचंही उत्पन्न बुडतं. एकच माणूस पैसे घेतोय, वळून वस्तू काढतोय, पुन्हा वळून सुट्टे मोजतोय, हे दृश्य दिसलं तर दोष सापडला. पैसे घेणारा एक आणि वस्तू देणारा दुसरा केला की वेळ साधारण निम्म्यावर येतो. अशा दोन जोड्या बसवा. शिट्टी व्हायच्या पाच मिनिटं आधी पेयं भरून ठेवा. मध्यंतरासाठी यादी चार-पाच वस्तूंवर आणा. वेळखाऊ पदार्थ सामन्याआधी आणि नंतर विका. दरफलक खिडकीच्या वर उंच लावा, खिडकीशेजारी नको, नाहीतर समोर पोचल्यावरच माणूस विचार करायला लागतो. दुसऱ्या सत्राची पंधरा मिनिटं होईपर्यंत खिडकी उघडी ठेवा, म्हणजे गर्दी पसरते.

स्वच्छतागृह. महिलांसाठी एकच संडास आणि माणशी दीड मिनिट धरलं तर मध्यंतरात दहा जणींचाच नंबर लागतो. गर्दीत चाळीस बायका असतील तर तीस जणी पुढच्या वेळी घरीच राहतात, आणि त्यांच्याबरोबर त्यांची मुलंही. सगळ्यात स्वस्त दुरुस्ती म्हणजे पाट्या बदलणं: पुरुषांकडे मुताऱ्या वेगळ्या असतील तर तिथल्या संडासांपैकी काही, दार वेगळ्या बाजूला उघडत असेल तर, महिलांकडे द्या. त्यानंतर कडी, दिवा, पाणी, साबण, झाकणाचा कचऱ्याचा डबा, याच क्रमाने. तुटलेल्या कडीची तक्रार जितकी येते तितकी दुसऱ्या कशाचीच येत नाही, आणि ती बसवायला पाच मिनिटं लागतात. गेट उघडताना, ४०व्या मिनिटाला आणि ६०व्या मिनिटाला एकाने फेरी मारायची. ४०व्या मिनिटाची फेरी चुकवू नका. पाणी संपल्याचं मध्यंतरात कळून उपयोग नसतो.

सांडपाणी उलटं वर येत असेल किंवा टाकी भरल्याचा वास येत असेल तर स्वयंसेवकांना खाली उतरवू नका. बंद टाकीत विषारी वायू साठतो आणि माणसं क्षणात बेशुद्ध पडतात. हे काम फक्त टाकी उपसणाऱ्या व्यावसायिकांचं.

तपासणी ५ : आवाज

घोषणा चालू असताना कोणालाही शब्द कळत नाहीत, हा दोष इतका सरसकट आहे की क्लबांना तो दिसेनासा होतो. लगेच जास्त ताकदीचा अँप्लिफायर आणतात आणि गोंगाट वाढवतात.

कारण बहुतेकदा कर्ण्यांच्या जागेत असतं. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मैदानाच्या दोन टोकांना दोन कर्णे लावले, तर एका टोकाला बसलेल्याला जवळच्याचा शब्द लगेच आणि लांबच्याचा तोच शब्द जवळपास एक तृतीयांश सेकंदाने ऐकू येतो. दोन शब्द एकमेकांवर चढतात. आवाज वाढवला की लांबचा कर्णाही वाढतो आणि घोटाळा तसाच राहतो. उपाय: कर्णे लोक जिथे बसतात त्याच बाजूला, त्यांच्याकडे तोंड करून, जवळजवळ आणि कमी आवाजात लावा. अंतर दुप्पट झालं की मोकळ्यावर आवाज ६ डेसिबलने पडतो, म्हणून लांबून जोरात ओरडण्यापेक्षा जवळून हळू बोललेलं जास्त कळतं.

माइक तोंडापासून चार बोटांवर धरा. कुईंऽऽ असा आवाज आला तर माइक कर्ण्यासमोर आलाय, बाजूला व्हा. संगीत पूर्ण बंद करून मगच बोला. बदली खेळाडूची घोषणा दोनदा करा: बाहेर कोण, आत कोण, दोघांचे नंबर.

मूल हरवलं तर त्याचं नाव किंवा वर्णन माइकवरून सांगू नका. ते ऐकून भलताच माणूस पुढे येऊ शकतो. पालकांना ठरलेल्या जागी यायला सांगा, बाकीची ओळख तिथे पटवा.

तपासणी ६ : दिसतं का

रिकाम्या मैदानावर हे कळत नाही. सामना चालू असताना प्रत्येक भागात जाऊन खाली बसा आणि जवळची टचलाइन बघा. ती दिसत नसेल तर त्या जागेवरून खेळाचा मोठा भाग दिसत नाही. अडथळे सहसा हलवता येण्यासारखे निघतात: उंच जाहिरात फलक, राखीव खेळाडूंच्या बाकावरचं छप्पर, कठड्याला बांधलेले कापडी बॅनर, टचलाइनवर उभे राहणारे पदाधिकारी. शेवटचा अडथळा हलवायला सगळ्यात अवघड असतो.

सपाट जमिनीवर दुसऱ्या रांगेला पहिल्या रांगेच्या डोक्यांमागचं काही दिसणार नाही. पुढच्या रांगेला बसवा, मागच्यांना उभं राहू द्या. तिसरी रांग लागत असेल तर ती दुसऱ्या बाजूला न्या.

चाकाच्या खुर्चीतल्या प्रेक्षकाचे डोळे जमिनीपासून सुमारे १.१ ते १.२ मीटरवर असतात, म्हणजे नेमके कठड्याच्या वरच्या दांड्यापाशी. त्यांना "पुढे बसवलंय" म्हणून क्लब समाधानी असतो आणि त्यांना दिसतो फक्त पाइप. त्या जागेवर स्वतः तेवढ्या उंचीवरून बघा. सोबतच्या माणसाची खुर्ची शेजारी हवी, मागे नको. आणि उताराचा चढ १:१२ पेक्षा तीव्र नको, म्हणजे ३० सेंटिमीटर चढायला किमान ३.६ मीटर लांबी.

मैदानं शक्यतो उत्तर-दक्षिण आखतात, म्हणून दुपारच्या सामन्यात पूर्वेच्या टचलाइनला बसलेल्यांच्या तोंडावर सूर्य येतो. बहुतेकांना बसवायची जागा पश्चिमेला ठेवा. शेड एकाच बाजूला परवडत असेल तर तीही तिथेच.

दुरुस्ती केली, पण तक्रारी परत आल्या तर

मग बिघाड वस्तूत नाही, ऐकून घेण्यात आहे. युरोपीय फुटबॉल संघटना युएफाने २०१२-१३ च्या हंगामापासून परवानाधारक क्लबांना चाहता-संपर्क अधिकारी नेमणं सक्तीचं केलं. छोट्या क्लबला पगारी माणूस नको. चाहत्यांमधलाच एक, ज्याला समितीच्या बैठकीत बोलता येतं आणि ज्याचा नंबर सगळ्यांकडे आहे, एवढं पुरे. त्याच्याकडे वही: तक्रार, तारीख, काय केलं. जमणार नसेल तर "जमणार नाही, कारण हे" असं कळवायचं. नकाराने लोक तितके दुखावत नाहीत, गप्प बसण्याने दुखावतात.

स्टँडमधल्या शिवीगाळीसाठीही हाच मार्ग. आधी ओळखीच्या चाहत्याने समजवायचं, नंतर क्लबने, मग प्रवेशबंदी. खेळाडूच्या जातीवरून, वर्णावरून शेरेबाजी झाली तर पहिल्या दोन पायऱ्या गाळा.

एका वेळी एकच बदल करा आणि पुढचे तीन-चार सामने तेच तीन आकडे मोजा. एकदम सगळं बदललंत तर कशाने फरक पडला ते कळणार नाही, आणि पुढच्या वर्षी चुकीची गोष्ट बंद कराल.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

खालच्या कामांत हौशी हात घालू नका. कितीही उत्साही स्वयंसेवक असले तरी.

स्टँड आणि पायऱ्या. गंजलेला सांधा, हलणारा कठडा, एका तालात उड्या मारल्यावर डोलणारा स्टँड, तडा गेलेला खांब: यातलं काहीही दिसलं की तो भाग दोरी लावून बंद करा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. रंग मारून झाकू नका. तात्पुरते स्टँडही पुरवठादारानेच उभारायचे आणि तपासून लेखी द्यायचे. बर्लिनच्या युनियन क्लबचं मैदान २००८-०९ मध्ये २,००० हून अधिक चाहत्यांनी राबून नव्याने उभं केलं, पण कामाची सूत्रं व्यावसायिक बांधकाम-प्रमुखांकडे होती.

आग आणि बाहेर पडायचे मार्ग. ११ मे १९८५ ला ब्रॅडफर्डच्या मैदानावर लाकडी स्टँडखाली साठलेल्या कचऱ्याने पेट घेतला, मागची दारं बंद होती, ५६ माणसं गेली. स्टँडखालचा कचरा काढणं आणि सामना चालू असताना प्रत्येक बाहेरच्या गेटवर कुलूप काढून माणूस उभा करणं तुमचं काम. ते आजच करा. किती लोक आत घ्यायचे हे ठरवणं मात्र अग्निशमन किंवा सुरक्षा तज्ज्ञाचं. अंदाजासाठी: ग्रीन गाइडनुसार सपाट मार्गावर एका मीटर रुंदीतून मिनिटाला जास्तीत जास्त ८२ जण बाहेर पडतात, आणि नेहमीच्या वेळी मैदान आठ मिनिटांत रिकामं व्हायला हवं. १.२ मीटरच्या एका फाटकातून आठ मिनिटांत फार तर ७८७. ही वरची मर्यादा आहे, बाहेर गाड्या लावलेल्या असतील तर ती निम्मीसुद्धा उरत नाही. तुमची गर्दी त्याच्या जवळपास जात असेल तर तज्ज्ञाशिवाय पुढचा सामना घेऊ नका.

वीज. आरसीसीबीवरचं (वीजगळती झाली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचवरचं) चाचणीचं बटण दर सामन्याआधी दाबा. स्विच पडला पाहिजे. नाही पडला तर त्या सर्किटवर काही चालवू नका, इलेक्ट्रिशियन बोलवा. एक्स्टेंशनची वायर पूर्ण उलगडून वापरा, गुंडाळी तशीच ठेवून जड भार दिला की ती तापून वितळते. फ्लडलाइटच्या खांबावर कोणीही चढायचं नाही. युरोपीय मानक ईएन १२१९३ मध्ये फुटबॉलसाठी ७५, २०० आणि ५०० लक्स (प्रकाशाचं माप) अशा तीन पातळ्या आहेत. आपल्याला कोणती हवी ते लीगला विचारा आणि मोजमाप यंत्राने करून घ्या. मोबाइलच्या ॲपवर विसंबू नका. गेटपासून गाड्यांपर्यंतच्या वाटेवर मात्र साधे दिवे आधी लावा.

विजा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंद किंवा कमी गेले तर ती सुमारे दहा किलोमीटरच्या आत आहे. खेळ थांबवा, लोकांना पक्क्या इमारतीत किंवा बंद गाड्यांत जायला सांगा. झाडाखाली नाही, उघड्या स्टँडखालीही नाही. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटांनीच पुन्हा सुरू करा.

तज्ज्ञाला फोन करण्याआधी हे हाताशी ठेवा: मैदानाचा हाताने काढलेला आराखडा, प्रत्येक गेटची मोजलेली रुंदी आणि ते कुठल्या बाजूला उघडतं, गेल्या काही सामन्यांतली सगळ्यात मोठी गर्दी, स्टँड कोणत्या वर्षी बांधला, आणि दोषाच्या जागेचे जवळून व लांबून काढलेले फोटो. एवढं असलं की तो पहिल्याच भेटीत कामाचं बोलू शकतो, नाहीतर पहिली भेट टेप धरण्यातच जाते आणि तिचेही पैसे द्यावे लागतात.